जुळी असली की सिझरच करावं लागतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की आठवा महिना लागलाय, पहिल्या बाळाचं डोकं खाली आहे, आणि घरचे पस्तिसाव्या आठवड्यात मुहूर्त बघून सिझर उरकायचं म्हणतात. मी परभणीकडची, वीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते.

नुसती जुळी आहेत म्हणून सिझर लागत नाही. २०१३ साली कॅनडाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला मोठा अभ्यास छापून आला. अनेक देशांतल्या २,८०० बायका, सगळ्यांचं पहिलं बाळ डोक्याकडून. निम्म्यांचं सिझर ठरवलं, निम्म्यांना नॉर्मलची वाट बघू दिली. बाळ दगावणं किंवा गंभीर इजा सिझरवाल्यांत २.२ टक्के, नॉर्मलवाल्यांत १.९. म्हणजे फरक नाहीच. मात्र नॉर्मल ठरवलेल्यांपैकीही ४४ टक्के बायकांचं शेवटी सिझर झालं, तेव्हा मनाची तयारी दोन्हीची ठेवा.

पहिलं बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर सिझरच. दोघं पाण्याच्या एकाच पिशवीत असतील, म्हणजे मध्ये पडदा नसेल, तरी सिझरच, आणि तेही ३२ ते ३४ आठवड्यांतच. म्हणून आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून वार (प्लासेंटा) एक की दोन, मध्ये पडदा आहे का, हे बघा. वार वेगवेगळ्या आणि सगळं ठीक असेल तर ३७ आठवडे भरू द्यावेत.

मुहूर्ताचं माझ्या मनाला फार लागतं. आमच्याच नात्यात पस्तिसाव्यात काढली. दोन्ही लेकरं पावणेदोन किलोची, त्यातल्या एकाला धाप लागली आणि बारा दिवस काचेच्या पेटीत. कळा न येता लवकर सिझर केलं की फुप्फुसातलं पाणी नीट ओसरत नाही, श्वास जोरात चालतो. आजी मात्र पत्रिका बघून खूश!

दवाखाना निवडताना दुसऱ्या बाळाचा विचार करा. पहिलं बाहेर आलं की दुसऱ्याला जागा मिळते, ते आडवं फिरू शकतं. तेव्हा डॉक्टर हाताने वळवतात, पायाकडून काढतात, नाहीतर तातडीने सिझर. त्या घडीला भूलतज्ज्ञ तिथेच हवा. तालुक्याला त्याला फोन करून बोलवावं लागतं, तो येईस्तोवर कोण थांबणार? जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा विभाग असतो, सरकारीत सिझर आणि बाळाचा इलाजही मोफत आहे.

रिपोर्टात वारेबद्दल काय लिहिलंय ते इथे टाका, मग पुढचं बोलू.