बाळाला उचलायची भीती वाटतेय?

मित्रा, बाळ वीस दिवसांचं झालं तरी उचलायला हात धजत नाही म्हणतोस. माझंही तसंच होतं. घरात आई आणि सासूबाई, त्यामुळे मी आपला दारात उभा. मला कुणी अडवलं नव्हतं, मीच मागे राहिलो. त्याची रुखरुख अजून आहे, म्हणून तुला कळकळीने सांगतोय.

एक काम पूर्ण तुझं करून टाक. मी रात्री दूध पिऊन झाल्यावर ढेकर काढायचं काम घेतलं. बाळाला उभं खांद्याला लावायचं, एक हात मानेला, दुसऱ्याने पाठ हळूहळू चोळायची. मान धरायला तीन-चार महिने लागतात, तोवर तो हात काढायचा नाही. पहिल्या चार रात्री लेक नुसती रडली. पाचव्या रात्री खांद्यावरच झोपली, तिचा कोमट श्वास मानेला लागत होता. माझी भीती तिथेच गेली.

लसीकरणालाही तूच घेऊन जा. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी कार्डावर असतात. नंतर ताप आला तर काय करायचं, हे डॉक्टरांना स्वतः विचार. म्हणजे रात्री दोन वाजता ताप भरला तरी तू गांगरणार नाहीस.

आणि हो, तू केंद्र सरकारच्या नोकरीत आहेस ना? पितृत्व रजा १५ दिवसांची आहे, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. अर्ज उद्याच टाक. वहिनी माहेरून परत येतील तेव्हा घे, खरी गरज तेव्हाच असते.