कादंबरीतलं वाईट पात्र शेवटी सुधारतं, हे वाचकाला पटवायचं कसं?

त्याने जिचं वाटोळं केलं, ती बाई तुमच्या कादंबरीत बोलते का? आधी ते बघा.

माझी यात फजिती झालीय. माझ्या कादंबरीतला भाऊ बहिणीची खोटी सही करून घर विकतो. शेवटी तिच्या पायावर डोकं ठेवून रडतो, ती त्याला उठवते, समाप्त. वाचताना मलाच गहिवरून यायचं. मग बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अरे, ही बहीण चाळीस पानांत एक वाक्य बोललेली नाही." पानं उलटली. खरंच. दारात उभी राहिली, डोळे पुसले, आत गेली. भावाला रडता यावं म्हणून मी तिला खुंटीसारखं ठोकून ठेवलं होतं.

पुन्हा लिहिलं. भाऊ पैसे घेऊन येतो. ती बोटाला थुंकी लावून नोटा मोजते, दोनदा. पावती लिहिते. तो नको नको म्हणतो, तरी खाली सही करते. तिची खरी सही तो पहिल्यांदाच नीट बघतो.

संपादक म्हणाले, "तिने माफ करायला हवं, वाचकाला मोकळं वाटत नाही." मी टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन'चा (1899) दाखला दिला. त्यात नेख्ल्यूदोवने मास्लोवाचं वाटोळं केलेलं असतं. प्रायश्चित्त म्हणून तो तिच्याशी लग्नाला तयार होतो, आणि ती त्यालाच सुनावते की माझ्या जिवावर तुला स्वतःचा उद्धार करून घ्यायचाय. शेवटी ती दुसऱ्याबरोबर जाते. संपादक म्हणाले, "तुम्ही टॉलस्टॉय आहात का?" हस्तलिखित उचललं आणि घरी आलो. वाचकाला मोकळं करणं हे कादंबरीचं काम आहे, असं मला आजही वाटत नाही.

बाकी, बदल एका झटक्यात दाखवू नका. ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'मध्ये (1862) तुरुंगातून सुटलेला ज्याँ वालज्याँ बिशपच्या घरी चोरी करतो, तरी बिशप त्याला चांदीच्या मेणबत्तीदाण्या देतो. आता हा सुधारणार असं वाटतं, तोच हा पठ्ठ्या वाटेत एका पोराच्या नाण्यावर पाय ठेवून उभा राहतो. रडतो तो त्यानंतर. मला तो पटतो तो त्या नाण्यामुळे.

विनोदी कादंबरी असेल तर वरचं सगळं सोडून द्या. आणि हो, बोलायला लागल्यावर तुमची बाई माफही करेल कदाचित. करू दे. फक्त आमच्या संपादकांना कळवू नका.