ठासणीच्या बंदुकीचा सहा इंचांचा ग्रुप कसा आवळायचा?

तुम्ही लिहिलंय: ओहायोत हरणाच्या शिकारीसाठी .५० ची इनलाइन (प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, नळीच्या सरळ रेषेत मागे बसणारी बंदूक), नळीच्या आट्यांचा पीळ २८ इंचांत एक, ट्रिपल सेव्हन (काळ्या दारूऐवजी वापरायची पावडर) या पावडरीच्या ५० ग्रेनच्या दोन पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या वड्या, २५० ग्रेनची सॅबो गोळी (सॅबो म्हणजे गोळीभोवतीची प्लास्टिकची वाटी), आणि १०० यार्डांवर गोळ्यांचा सहा इंचांचा पसारा, म्हणजे ग्रुप.

आधी पेलेट बाजूला ठेवा. पेलेटने पाच-पाच ग्रेनचा फरक करता येत नाही आणि तुम्हाला तोच करायचाय. सुटी एफएफजी (दाण्याच्या आकाराची खूण) ट्रिपल सेव्हन घ्या आणि ८० ग्रेनपासून सुरू करा. हे ग्रेन मापट्याचे, म्हणजे आकारमानाचे. तराजूवर तोलून तेवढीच पावडर भरलीत तर भार जास्त होतो. डब्यातून थेट नळीत ओतू नका, आणि स्मोकलेस (आधुनिक काडतुसांतली) पावडर चिमूटभरसुद्धा नको, नळी फुटते. प्रत्येक मापाला तीन गोळ्या, मग पाच ग्रेन वाढवा, १०० पर्यंत, अर्थात तुमच्या बंदुकीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या आत. शंभर यार्डांतल्या व्हाइटटेल हरणाला ८५-९० पुरेसे आहेत. त्यापुढे बहुधा खांद्यालाच मार बसतो.

सगळ्यात लहान ग्रुपवर लगेच भाळू नका. शेजारशेजारची दोन मापं कागदावर जवळपास एकाच जागी लागत असतील तर तिथे थांबा. मापट्यात दोन ग्रेन इकडेतिकडे झाले तरी मग बिघडत नाही.

प्रत्येक बारानंतर नळी पुसायची: एक ओलसर चिंधी दोन्ही बाजूंनी, मग एक कोरडी. ट्रिपल सेव्हनची राख पावडरीच्या जरा पुढे कडक कड्यासारखी जमते. पुसलं नाही तर गोळी त्या कड्यावरच अडकते, तुम्हाला वाटतं बसली. म्हणून स्वच्छ नळीत गोळी पूर्ण बसवून, नळीच्या तोंडाशी ठासायच्या गजावर खूण करून ठेवा. खूण वर राहिली तर बार काढायचा नाही. गोळी आणि पावडर यांच्यात पोकळी राहिली की नळीला फुगवटा येऊ शकतो. गज दर वेळी सारख्याच जोराने दाबा, आपटू नका.

बार झाल्यावर पुढे पडलेले सॅबो गोळा करा. (रेंज बंद असतानाच!) पाकळ्या सारख्या उघडलेल्या हव्यात. बूड फाटलेलं किंवा वितळलेलं दिसलं, किंवा गोळी बोटाच्या जोराने सरकत गेली, तर दोष सॅबोचा आहे. पावडर तीच ठेवून जरा घट्ट सॅबो लावून पाहा. नळी तापली की प्लास्टिक मऊ पडतं, तेव्हा दोन बारांत पाचेक मिनिटं जाऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला: पावडर, गोळी किंवा सॅबो.

जुन्या घाटाची, ६० किंवा ६६ इंचांत एक पिळाची बंदूक असती तर मी .४९० ची गोल गोळी आणि .०१५ ची तेलवलेली चिंधी सांगितली असती. तुमच्या पिळाला ती सहसा मानवत नाही.

आता रेंजवर सहसा कोणी करत नाही ते. जंगलात तुमचा पहिलाच बार कामाचा, तोही थंड नळीतून. माप ठरल्यावर वेगवेगळ्या दिवशी, तेल कोरडं पुसून आणि नुसता प्रायमर उडवून, एकच गोळी त्याच कागदावर मारा. अशा चार-पाच भोकांवर बंदुकीवरची नेमाची दुर्बीण जुळवा. तिसऱ्या-चौथ्या गोळीवर जुळवलेली दुर्बीण शिकारीत फसवते. प्रायमर उडाला आणि बार झाला नाही, तर नळी निशाणाकडेच धरून निदान दोन मिनिटं थांबा.

दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर नियम आधी वाचा. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात सॅबो, पेलेट आणि दुर्बीण तिन्ही चालत नाहीत, म्हणजे हा सगळा खटाटोप तिथे नव्याने.