डिझेल, पेट्रोल आणि सनरूफचा हट्ट

प्रश्न : रोज शाळेपर्यंत ४ किलोमीटर, महिन्यातून एकदा सातारा–पुणे. डिझेल गाडी घेऊ का? मुलांना सनरूफ हवंय. – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, डिझेल नको. २०२० पासूनच्या बीएस-६ (म्हणजे धुराच्या कडक नियमांतल्या) डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला इंजिन चांगलं तापावं लागतं. चार किलोमीटरांत कुठलं तापतंय! माझ्या मेहुण्याच्या गाडीत फिल्टर तुंबल्याचा दिवा सारखा पेटायचा, शेवटी इंजिन तापवायला हायवेवर फेरी मारून यायचा बिचारा. साधी पेट्रोल गाडी घ्या. भरल्या गाडीने खंबाटकी घाट चढताना गिअर उतरवावा लागेल, एवढंच. सनरूफच्या पैशांत ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि मागचा वायपर मिळतोय का पाहा. साताऱ्याच्या पावसात मागची काच दिसायला हवी. आभाळ काय, अंगणातूनही दिसतं. मुलं रुसतील दोन दिवस.