भांडं घेताना आधी बूड बघ

तू विचारलंस ना, रोजच्या स्वयंपाकाला कुठली भांडी घेऊ, टिकली पाहिजेत आणि घासताना जीव जायला नको, तेव्हा फोनवर घाईघाईत काहीतरी सांगितलं, आता नीट लिहिते.

आधी एक, सेट घेऊ नकोस. सेटमधली तीन-चार भांडीच रोज गॅसवर चढतात, बाकीची कपाटात जागा अडवतात. मी घर मांडलं तेव्हा चकचकीत स्टीलचा मोठा सेट आणला, पातळ पत्र्याचा, आणि वर्षभर लागलेलं दूध खरवडत बसले, वाटायचं आपल्यालाच जमत नाही. पण दोष बुडाचा होता. स्टीलमधून उष्णता फार हळू पसरते, अ‍ॅल्युमिनियममधून त्याच्या साधारण 15 पट चांगली, म्हणून पातळ स्टीलला जिथे ज्योत लागते तेवढंच तापतं आणि तिथेच अन्न करपतं. ट्रायप्लायमध्ये स्टीलच्या दोन थरांच्या मधे अ‍ॅल्युमिनियम असतं, तेही थेट काठापर्यंत, म्हणून मी रोजच्या वापराला एक कढई आणि एक पातेलं त्यातलंच घे म्हणेन. नुसत्या बुडाला जाड चकती बसवलेलं भांडं पाणी उकळायला, शिजवायला ठीक आहे, पण ज्योत चकतीच्या बाहेर गेली की कडेने लागतंच.

स्टीलला चिकटतं म्हणून लोक घाबरतात. भांडं आधी रिकामं तापव, पाण्याचा थेंब टाकून बघ, तो चरचरून उडून गेला तर अजून थांब, मोत्यासारखा घरंगळत फिरला की आच कमी कर, मग तेल, मग बाकीचं. आणि लगेच उलथनं खुपसू नकोस, खालून लाल झालं की बरंचसं आपोआप सुटतं, हा धीर यायला मला खूप दिवस लागले.

तवा मात्र बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा घे. तेलाचा पातळ हात देऊन तापवलं की ते तेल लोखंडावर घट्ट बसतं आणि तोच त्याचा गुळगुळीतपणा, वापरशील तितका वाढतो. रात्रभर पाण्यात ठेवू नकोस, टोमॅटोसारखं आंबट त्यात फार वेळ शिजवू नकोस, धुतल्यावर लगेच पुसून गॅसवर कोरडा कर, बस. गंज चढला तरी टाकून देऊ नकोस हं, तारेच्या घासणीने घासून परत तेल लावून तापवला की पुन्हा कामाला लागतो. फक्त जपून उचल, जड असतो आणि आपटला तर तडकतो. मनगट दुखत असेल तर साधा लोखंडी तवा घे, हलका पडतो आणि निगा तीच.

नॉनस्टिक अंड्यापुरतं एक छोटं ठेव, पण रिकामं कधीच तापवू नकोस, साधारण 260 अंशांच्या वर ते कोटिंग खराब व्हायला लागतं आणि फारच तापलं तर त्याचा धूर पाळलेल्या पक्ष्याचा जीवसुद्धा घेऊ शकतो. कोटिंग निघायला लागलं की ते भांडं बदलायचं, जन्मभर टिकेल अशी अपेक्षा त्याच्याकडून नको.

दुकानात भांडं हातात घेऊन बघ, भरल्यावर एका हाताने उचलेल का, हँडल रिव्हेटचं, म्हणजे धातूच्या खिळ्यांनी ठोकून बसवलेलं आहे का, इंडक्शन असेल तर बुडाला चुंबक चिकटतोय का.

आणि हो, स्टीलच्या भांड्यात गार पाण्यात मीठ टाकून ठेवू नकोस, बुडाला बारीक खड्डे पडतात आणि ते परत जात नाहीत, पाणी उकळलं की मग टाक. इंद्रधनुष्यासारखे डाग दिसले तर ते नुसते तापल्याचे असतात, थोडं व्हिनेगर चोळ, जातात. करपलं तर पाणी आणि खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळ, बराचसा थर सुटतो. नवीन स्टील पहिल्यांदा वापरायच्या आधी गरम पाणी आणि साबणाने दोनदा घास, कारखान्यातलं तेल आणि पॉलिशची काळी भुकटी निघते.

घेतलंस की बुडाचा फोटो पाठव, मला बघायचाय.