पूरग्रस्त महिलांच्या मुलाखती आणि डास-२१ चे गुण एकत्र कसे मांडायचे?

तुम्ही विचारलंय की एम. ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडी भागातल्या पूरग्रस्त महिलांकडून डास-२१ (नैराश्य, चिंता आणि ताण मोजणारी २१ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेतलं, त्यातल्या १२ जणींच्या मुलाखतीही घेतल्या. आता ‘किती टक्के महिला काय म्हणाल्या’ असा तक्ता करू का?

नका करू. १२ जणी तुम्ही निवडून घेतल्यात. त्यातल्या ७ म्हणजे ५८ टक्के, या आकड्यातून गावाबद्दल काहीच कळत नाही.

मुलाखतींना थीमॅटिक अ‍ॅनालिसिस लावा. म्हणजे मुलाखतींत पुन्हा पुन्हा येणारे अर्थ शोधा. ब्राउन आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या, त्या तुम्हाला पुरतील. ग्राउंडेड थिअरीत (मिळालेल्या माहितीतूनच सिद्धांत उभा करायची पद्धत) विश्लेषण करता करता पुढची मुलाखत कुणाची घ्यायची ते ठरतं. तुमच्या मुलाखती उरकल्यात, म्हणून तो रस्ता सोडा.

खरी मेहनत कोडिंगमध्ये, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना छोटी नावं देण्यात, आहे. समजा एखादी म्हणाली, “पाऊस वाढला की पोराला मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला लावते. ३९ फूट झालं की भांडी माळ्यावर.” इथे नुसता ‘भीती’ असा कोड टाकलात तर बाई हरवली. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या या बंधाऱ्याला ३९ फूट ही इशारा पातळी, धोक्याची ४३. म्हणजे ती धोक्याच्या चार फूट आधीच कामाला लागते. ‘पातळीवर नजर’, ‘इशाऱ्यालाच आवराआवर’ असे कोड तिच्या करण्याला धरून राहतात. असे कोड जुळत गेले की थीम, म्हणजे त्या सगळ्यांतून निघणारं एक म्हणणं, दिसते. ‘आर्थिक अडचणी’ हे नुसतं शीर्षक झालं. ‘भीती आवरायला बायका घर आवरायला घेतात’ ही थीम, कारण ती काहीतरी म्हणते.

आता जोडणी. बहुतेक प्रबंधांत आकड्यांचं एक प्रकरण, मुलाखतींचं दुसरं, आणि दोघांची गाठ कुठेच पडत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण आकडे आणि मुलाखती दोन्ही वापरणाऱ्या संमिश्र पद्धतीचा सगळा जीव त्या गाठीत आहे. एक तक्ता करा: प्रत्येक बाईची एक ओळ, पहिल्या रकान्यात गुण, दुसऱ्यात तिचे शब्द, तिसऱ्यात दोन्ही मिळून काय दिसतं ते. याला जॉइंट डिस्प्ले म्हणतात. (डास-२१ च्या प्रत्येक उपमापनाची, म्हणजे नैराश्य, चिंता आणि ताण यांची वेगवेगळी, बेरीज दुप्पट करूनच ‘सामान्य’, ‘तीव्र’ अशा पातळ्या लावा.)

जिथे गुण ‘सामान्य’ आणि मुलाखत काळजीने भरलेली, तिथे थांबा. डास-२१ फक्त गेल्या आठवड्याबद्दल विचारतं. फेब्रुवारीत भरून घेतलं असेल तर नदी तळाशी होती. बोलणं मात्र ऑगस्टचं. दोन्ही खरं असू शकतं. किंवा प्रश्नावली भरताना सासू शेजारी बसली होती का, हेही तुमच्या टिपणांत शोधा. आणि या १२ जणी गुण पाहून निवडल्या की सहज भेटल्या म्हणून, ते पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

गाइडकडे जाताना तीन-चार ओळी भरलेला हा तक्ताच घेऊन जा.