आकडा आधी सभासदांपुढे

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. घरकामगार बायांच्या पाहणीत कामाचे तास संघटनेच्या छापील निवेदनापेक्षा कमी निघाले, अध्यक्षबाई म्हणतात तो तक्ता बाजूला ठेव, आणि तुला वाटतंय की एक तर संघटनेशी बेइमानी करावी लागेल, नाही तर आकड्याशी. कामगार आयुक्तांकडची तारीख, वरिष्ठांची नाराजी, उडालेली झोप, सगळं लिहिलंस. पण ज्या बायांनी तुझे फॉर्म भरून दिले त्यांना तो आकडा सांगितलास का, याबद्दल एक ओळ नाही. राग आला तो त्याचा.

आकडा आधी सभासदांपुढे वाचायचा, मग सरकारपुढे. बाकीची सगळी पद्धत तुला माझ्यापेक्षा चांगली येते.

तू विचारलंस, 'रोज किती तास काम करता?' धुणीभांडी करणारी बाई याचं उत्तर घरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचं देते. एका सोसायटीतून दुसरीकडे चालत जाणं, गेटवर वहीत सही करणं, ताई अजून उठल्या नाहीत म्हणून जिन्यात थांबणं, हे ती धरत नाही, कारण त्याचे पैसे कधी मिळालेच नाहीत. आमच्याकडे समाजमंदिरात असाच तक्ता वाचला तेव्हा मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "हे आत गेल्यापासनं लिवलंय. दारात बसले ते कुठाय?" त्या संध्याकाळी फॉर्म बदलला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळवापर पाहणी केली, तीत पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ४ पर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाने विचारला होता. तूही तसंच विचार. आणि विचारायला सभासदांतल्याच दोघींना घे. खाडा कापला का, दिवाळीला काय दिलं, हे त्या तुझ्याहून नेमकं विचारतील.

पण दुसऱ्या फॉर्मने आकडा वाढेलच अशी आशा धरू नकोस. नाही वाढला तर नाही वाढला. मग तोच न्यायचा. मंत्रालयात कक्ष अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे आणलं कुठून? 'आमचा अंदाज आहे' म्हटलंस की निवेदनावर आवक क्रमांक पडतो, 'उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा बसतो आणि विषय संपतो. फाइल वित्त विभागाकडे गेलीच, तर तिथे लाभार्थी किती आणि भार किती एवढंच पाहतात. वर्षानुवर्षं संख्या फुगवून सांगणाऱ्यांच्या लक्षात येत नाही की त्यांनी आपल्याच मागणीचा खर्च फुगवून ठेवलाय. हे मी बैठकांमधून किती वेळा बोलले असेन! टाळ्यांचा आकडा भाषणाला पुरतो, फाइलवरच्या टिप्पणीत तो टिकत नाही.

हे काही माझं खूळ नाही. पुण्याची 'सार्वजनिक सभा' ही संस्था १८७० साली निघाली, तेव्हा सभासद व्हायला किमान पन्नास जणांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो ते आधी कागदावर. १८७६-७७ च्या दुष्काळात याच सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि त्या आधारावर सरकारला निवेदनं पाठवली. मागे माणसं होती आणि हातात माहिती होती. यातलं एक काढलं की दुसरं लंगडं.

जवळचं उदाहरण हवं तर त्याच शहरातल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचं घे. १९९३ साली कचरावेचकांची ही संघटना उभी राहिली. बायांनी वेचलेल्या भंगारामुळे पालिकेचा कचरा उचलण्याचा आणि वाहण्याचा खर्च किती वाचतो, याचा हिशोब पुढे अभ्यास करून मांडला गेला. मागणीचा सूरच बदलला. दया करा नव्हे, तुमचे पैसे आम्ही वाचवतो. ओळखपत्रं, आरोग्य विमा आणि २००८ मध्ये कचरावेचकांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी पालिकेचा करार, ही वाट एका मोर्च्यात कापलेली नाही.

माझ्याबद्दल तिकडे काय बोलतात ते तू भिडेपोटी लिहिलं नाहीस, तरी मला ठाऊक आहे. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या तोंडावर मी तक्ते अडवून धरले, दोन वस्त्यांत वाचन व्हायचं राहिलं होतं म्हणून. आमच्या प्रश्नावरची लक्षवेधी सूचना हुकली. माझ्या बरोबरीने संघटना बांधणारी मैत्रीण त्यानंतर माझ्याशी बोलली नाही, आणि आता ती नाही. ते मला लागतंच, लागत राहील. पण त्या दोन वस्त्यांतल्या बायांनी पगाराचा रकाना खोडून नव्याने भरायला लावला होता. कोणी आम्हाला कोपऱ्यात धरलं असतं तर खोटं पाडायला तो एक रकाना पुरला असता. आजही अडवीन.

आणखी एक. तुझ्या फॉर्मवर वयाची अट १८ ते ६० का आहे? २००८ च्या घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या कायद्यातून उचललीस, हो ना? अगं, कायद्याने ज्यांना वगळलंय त्यांनाच तू पाहणीतूनही वगळलंस. साठी उलटल्यावरही केरफरशी करणाऱ्या बाया प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांची नोंद तू केली नाहीस तर कोणता अधिकारी करणार आहे? ती अट आजच काढ.

अध्यक्षबाईंशी भांडत बसू नकोस. त्यांनी मार खाल्लेला आहे, त्यांची भीती खोटी नाही. त्यांना म्हण, आकडा मी दाबत नाही आणि छापतही नाही, रविवारी बैठकीत वाचते, तुम्ही अध्यक्षस्थानी बसा. आयुक्तांकडे तारीख वाढवून मागायचा अर्ज सोबत जोडलाय, संघटनेच्या लेटरहेडवर उतरवून उद्या सकाळीच आवक कक्षात दे आणि पोच घे. बैठकीत कोण काय बोललं ते त्यांच्याच शब्दांत टिपून मला पाठव. तुझा सारांश नको.

तुझी,
मावशी